चौविहार सांभाळून नेपाळ

औरंगपुऱ्यातील व्यापारी कुटुंब परदेशप्रवासाचा बेत आखू लागले, की खर्चाबरोबर चौविहाराचाही विचार येतो. त्यासाठी नेपाळ सोयीचा देश आहे. व्हिसा लागत नाही. प्रौढांनी पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र बाळगावे. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात. मनमाडहून रेल्वेने गोरखपूर, तेथून बसने सुनौली सीमा आणि पुढे काठमांडू, हा स्वस्त मार्ग होय.

चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. तेव्हा आकाश निरभ्र असते. मात्र त्या दिवसांत औरंगपुऱ्यात पावणेसहाला मावळणारा सूर्य काठमांडूत सव्वापाचच्या आतच मावळतो. म्हणून कांदा, लसूण, बटाट्याविना डाळभात दुपारीच सांगून ठेवावा. बसच्या दिवशी खाकरे, दशम्या हाताशी असाव्यात.