कर्जमर्यादेबद्दल माझं मत का पालटलं

सरकारच्या कर्जाला कायद्याने मर्यादा असावी, असं मी पुष्कळ वर्षं हिरिरीने मांडत आले. आपल्या संविधानाचं कलम २९२ संसदेला केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालण्याची मुभा देतं. अमेरिकेने तर १९३९पासून एकूण कर्जावर आकड्यानिशी मर्यादा घातली आहे. त्या देशात कामाला आल्यावर मला या शिस्तीचं फार अप्रूप वाटायचं. आज ती मर्यादा रद्द व्हावी, असं माझं मत आहे. ते पालटलं कोणाच्या युक्तिवादाने नव्हे, तर सरकारची कर्ज काढायची सोय आणि हातातली रोकड नेमकी कधी संपेल याचा अंदाज बांधता बांधता.

तिकडे त्या दिवसाला ‘एक्स-डेट’ म्हणतात. मर्यादा गाठली की लगेच तो दिवस येत नाही. २०२३ साली ३१.४ लाख कोटी डॉलरची मर्यादा १९ जानेवारीलाच गाठली गेली होती. त्यानंतर अर्थखातं ‘असाधारण उपाय’ हाती घेतं. म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतली सरकारी रोख्यांची गुंतवणूक तात्पुरती थांबवायची आणि तेवढी जागा नव्या कर्जाला मोकळी करायची. पुढे व्याजासकट सगळी भरपाई होते, कायद्यातच तशी तजवीज आहे. तरी माझ्या ओळखीच्या एक केंद्रीय कर्मचारी बाई दर वेळी काळजीने विचारतात, ‘आमच्या पैशांना काही होणार नाही ना?’

अंदाजाचं काम बरंचसं कॅलेंडरवर चालतं. कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी चार वाजता आदल्या दिवसाचा रोखीचा ताळेबंद जाहीर होतो. मागच्या वर्षांचे ताळेबंद शेजारी मांडून पाहायचं: १५ एप्रिलला प्राप्तिकर येतो, १५ जूनला आगाऊ कराचा हप्ता, महिन्याच्या आरंभी माजी सैनिकांचे भत्ते आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याची देणी जातात, ३ तारखेला आणि पुढच्या बुधवारांना सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन. २०२३चा सगळा प्रश्न एवढाच होता, की १ जून ते १५ जून हा पट्टा सरकारच्या तिजोरीला पार करता येईल का.

त्याच वसंतात माझ्या मनात पाल चुकचुकली. हिवाळ्यातल्या वादळांमुळे आणि पुरामुळे कॅलिफोर्नियातल्या बहुतेक करदात्यांना ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळाली होती. आदल्या वर्षी शेअर बाजारही पडला होता. एप्रिलचा भरणा उतरला आणि अर्थमंत्री जॅनेट येलन यांनी १ मे रोजी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवलं, की १ जूनलाच पैसे संपू शकतात. पुढे २६ मे रोजी त्यांनी ५ जून ही तारीख दिली. या सगळ्या हालचालीत सरकारने ना उधळपट्टी केली होती, ना काटकसर.

मग मी जुनी वर्षं पुन्हा तपासली. २०१३ साली उलटं घडलं होतं. सरकारच्या ताब्यातल्या फॅनी मे या गृहकर्ज कंपनीने हिशेबातली एक कर-सवलत पुन्हा मालमत्तेत धरली, नफा फुगला आणि जूनअखेर तिने सरकारला ५९.४ अब्ज डॉलर दिले. त्याने एक्स-डेट लांबायला मदत झाली. त्या नोंदीने देशाच्या कर्जाचा भार पेलण्याजोगा झाला, असं कोण म्हणेल? मी ज्याला लगाम समजत होते, तो केवळ कोणते पैसे कोणत्या आठवड्यात येतात एवढंच दाखवत होता. माझ्या तक्त्यातली प्रत्येक ओळ, खर्चाची काय आणि कराची काय, काँग्रेसने आधीच मंजूर केलेली होती.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. तारीख जाहीर झाली की राजकारणी तिच्या अगदी काठापर्यंत जातात. २०११ साली २ ऑगस्ट ही तारीख होती. मर्यादा वाढवणाऱ्या कायद्यावर सही झाली २ ऑगस्टलाच. तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं सर्वोच्च मानांकन काढून घेतलं. त्या दिरंगाईने एका वर्षात व्याजाचा बोजा सुमारे १.३ अब्ज डॉलरने वाढला, असा तिथल्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाचा अंदाज आहे. २०२३मध्ये सही झाली ३ जूनला. त्याआधी तिजोरीतली रोकड २३ अब्ज डॉलरपर्यंत घसरली होती. जूनच्या पहिल्या दोनच दिवसांत १३० अब्जांहून अधिक देणी होती, हे लक्षात घेतलं की ही रक्कम किती तुटपुंजी ते कळतं. अंदाज जितका बिनचूक, तितकं त्यांना उशीर करणं सोपं; हे मला फार अस्वस्थ करतं.

मर्यादेच्या धाकाने काही चांगलं झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. २०११च्या तडजोडीत खर्चावर खरी बंधनं आली. पण ती अर्थसंकल्पात घालता आली असती. त्यासाठी पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आठवडाभर टांगणीला लावायची गरज नव्हती. १९६०पासून ही मर्यादा पंचाहत्तरहून अधिक वेळा वाढवली, लांबवली किंवा बदलली गेली आहे, दोन्ही पक्षांच्या राज्यात.

४ जुलै २०२५च्या कायद्याने ती आणखी ५ लाख कोटींनी वाढवून ४१.१ लाख कोटी डॉलर केली. त्याच कायद्यामुळे दहा वर्षांत तुटीत ३.४ लाख कोटींची भर पडेल, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशेब आहे. पुढची एक्स-डेट वर्तमानपत्रात झळकेल तेव्हा तिच्यावरून अमेरिकेच्या कर्जाची परिस्थिती ठरवू नका; तुटीचा आणि व्याजाचा आकडा पाहा.