तुळजापुरातला पाणी मोजणारा लॉज

पर्यावरणस्नेही म्हणवणाऱ्या मोठ्या हॉटेलांवर माझा विश्वास नाही. तिथल्या बाथरूममध्ये हिरव्या पानाचं चित्र असलेली पाटी टॉवेल पुन्हा वापरायला सांगते आणि शेजारचा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी ओतत असतो. धाराशिव जिल्ह्यात अशी पाटी मला कुठे दिसली नाही. पण पाणी वाचवणं म्हणजे काय, ते याच जिल्ह्यातल्या एका लॉजमध्ये पाहायला मिळालं.

परांड्याचा किल्ला, तेरचं संग्रहालय, धाराशिवची लेणी, येडशीचं रामलिंग हे सगळं मे महिन्याच्या उन्हात भराभर पाहून झालं. तुळजापुरात पोचले तो मंगळवार होता. मंगळवारी आणि शुक्रवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. देवीच्या मंदिरापासून जरा लांब, एका बोळात आठ खोल्यांचा लॉज मिळाला. तो चालवणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या होत्या. किल्ली हातात देण्याआधी त्या माझ्याबरोबर खोलीत आल्या आणि थेट न्हाणीघरात गेल्या. तिथे शॉवर नव्हता. वीस लिटरची बादली, तांब्या आणि नळाखाली आणखी एक लहान बादली.

"सोलरचं पाणी गरम यायला जरा येळ लागतोय, ताई. तवर जे गार येतंय ते ह्या बारक्या बादलीत धरा, सांडू नका. फरशी पुसायला होतंय."

गच्चीपासून खालच्या नळापर्यंत पाइपात थांबलेलं ते गार पाणी बहुतेक ठिकाणी सरळ मोरीत जातं. मी धरलं, तर बादली निम्म्यावर भरली. अशा आठ खोल्या, आणि गर्दीच्या दिवशी एकेक खोली दोन-तीनदा लागते. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून पाहिलं, तर आत वाळू भरलेली लिटरची बाटली उभी होती. दर फ्लशला तेवढं एक लिटर वाचतं. ही युक्ती मावशींना सोलापूरच्या एका प्लंबरने सांगितली होती.

रात्री जेवायला त्यांच्या स्वयंपाकघरातच बसले. तव्यावरची ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि माठातलं पाणी. येसर आमटी मला इतकी आवडली की तिसऱ्यांदा वाढून घेतली. मराठवाड्याबाहेर तिचं नावही लोकांना ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं. जेवणं झाल्यावर ताटं आधी कोरडी पुसली जात होती, मग टबातल्या पाण्यात विसळली जात होती. ते पाणी मागच्या अळूला आणि केळीला. मी विचारलं, हे सगळं केव्हापासून?

"सोळा सालच्या दुष्काळापासनं. बोअर आटला, टँकर मिळंना. लेकरंबाळं घेऊन देवीला आलेल्या माणसांला पाणी न्हाई म्हणून परत लावलं. लई लागलं जिवाला."

२०१६ चा तो उन्हाळा. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

मग मावशींनी वही दाखवली. गच्चीवरच्या टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी जोडलेली आहे आणि तिच्यामागे भिंतीवर लाल रंगाच्या रेघा ओढलेल्या आहेत. सकाळी आणि रात्री पाणी कुठल्या रेघेवर आहे ते वहीत लिहायचं, शेजारी माणसांचा आकडा, टँकर आला असेल तर त्याचे पैसे. माणसं कमी आणि रेघ मात्र खाली गेलेली दिसली की समजायचं, कुठलातरी नळ गळतोय. त्याच रात्री शोधायचा. मोठमोठ्या संस्था ज्याला जललेखापरीक्षण म्हणतात, ते या शाळकरी वहीत रोज होत होतं.

टॉवेलाची पाटी इथे का चालणार नाही, तेही मला त्या वहीने दाखवलं. सुट्टीच्या ठिकाणच्या हॉटेलात पाहुणा आठवडाभर राहतो, त्याला चादर रोज बदलू नका म्हणता येतं. तुळजापुरात माणूस तीन-चार तासांसाठी खोली घेतो, अंघोळ करतो, दर्शनाला जातो. इथे खरा खर्च अंघोळींचा असतो, रात्रींचा नव्हे. चादरही प्रत्येक पाहुण्याला बदलावीच लागते. म्हणून बाहेरची नियमावली जशीच्या तशी आणून उपयोग नाही.

बाहेरून घेण्यासारखं एक मात्र आहे. जमैका बेटावर १९९० च्या दशकाच्या शेवटी छोट्या हॉटेलांना मदत करताना आधी त्यांच्या पाण्याचा, विजेचा, कचऱ्याचा हिशेब तपासला गेला आणि पैसे कुठे वाहून जातात ते मालकाला दाखवलं गेलं. बेटांनाही पाण्याचा धाक असतोच. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या माले शहरात खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं. चहूकडे समुद्र असलेलं माले आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेलं लातूर, दोघांवर वेळ एकच आली.

मावशींचं एक काम अडलेलं आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे नऊ हजार लिटर पाणी होतं. त्यांच्या गच्चीवरचं ते सगळं गटारात जातं. ते गाळून बोअरमध्ये सोडायचं, तर जाणता माणूस आणि हप्त्याने फेडता येईल असं थोडं कर्ज हवं. त्यांना दोन्ही मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. किल्ले मला एरवी फारसे ओढत नाहीत, पण पाणीमहालापाशी दुपार कशी गेली कळलं नाही. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो. मे महिन्यात सांडवे सुके होते, त्यामुळे दगडांची सांधेजोड जवळून पाहता आली. त्या गवंड्यांना पाण्याचा जोर किती आणि वाट कुठून, हे नेमकं ठाऊक होतं. याच जिल्ह्यात आज एका लॉजच्या गच्चीवरचं पाणी बोअरपर्यंत न्यायला माणूस मिळू नये, हे मला पटत नाही.

तुळजापुरात असे छोटे लॉज बरेच आहेत. मंदिर संस्थान, नगरपरिषद आणि लॉजमालक यांनी नवरात्राआधी एकदा एकत्र बसावं. प्रत्येक लॉजला टाकीवरची नळी, वही आणि पावसाळ्याआधी एक जाणता प्लंबर, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. आणि तुम्ही देवीला जाल तेव्हा खोलीचं भाडं विचारताना इथलं पाणी कुठून येतं, हेही विचारा. पाण्याचा हिशेब ठेवणारा लॉज सापडला, तर तिथेच उतरा.