विलापाच्या मध्यावर

प्रिय स्नेही,


घरातील शोकानंतर आपल्या पत्रातून जो प्रश्न आला, की एवढी प्रार्थना होऊनही असे का घडले आणि आता आशा धरायची ती कशाच्या बळावर, त्याला ख्रिस्ती धर्मशास्त्राजवळ सरळ उत्तर नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. भेटीला येणारी मंडळी ‘देवाची इच्छा’ एवढे म्हणून मोकळी होतात. परंतु इयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते तोवरच त्यांची सोबत खरी होती, आणि त्यांनी त्याच्या दुःखाची कारणमीमांसा आरंभल्यावर अखेरीस देवाचा राग ओढवला तो त्यांच्यावरच, हा तपशील सांत्वन करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात राहत नाही.

पवित्र शास्त्रात गाऱ्हाण्याला मज्जाव नाही. ‘स्तोत्रसंहिता’ या 150 स्तोत्रांच्या संग्रहात विलापस्तोत्रांची, म्हणजे संकटात सापडलेल्याने देवापुढे मांडलेल्या तक्रारींची, संख्या मोठी आहे. त्यांपैकी बहुतेक शेवटी विश्वासाकडे वळतात, पण 88वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही संग्रहकर्त्यांनी ते गाळले नाही. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्याच्या शोकातून जन्मलेल्या ‘विलापगीत’ या पुस्तकाची घडण तर याहून विलक्षण आहे. त्याच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचलेले असून तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे 66 वचने येतात. मराठीत म्हणायचे तर दुःख ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सांगितलेले आहे, एकही अक्षर न वगळता. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हा सर्वांना ठाऊक असलेला आशेचा उद्गार या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे जवळजवळ पुस्तकाच्या मधोमध आहे. त्यानंतर पुन्हा रडणे सुरू होते आणि पुस्तक संपते ते शंकेवर.

आशेसाठी हिब्रूत येणाऱ्या ‘तिक्वा’ या शब्दाचा दुसरा अर्थ दोर. यरीहोच्या राहाबेने हल्ल्यातून आपले घर वाचावे म्हणून खुणेसाठी खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरासाठी यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द आला आहे, आणि तो दोर आतल्यांनी बांधायचा असला तरी ओळखायचा होता बाहेरून येणाऱ्यांनी.

आशेचा दोर असा बाहेरच्यांशीही जोडलेला असतो, या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे. 1870च्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पटकीने पती अशी माणसे एकामागून एक गेली, तेव्हा त्यांच्या कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी मनोरमा होती. इतक्या मृत्यूंनंतर त्यांनी सांत्वनासाठी नवा धर्म जवळ केला असावा, असा तर्क सहज केला जातो. त्यांचे स्वतःचे निवेदन मात्र निराळे आहे. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनीसंघाचे लंडनमधील फुलम येथील काम त्यांनी पाहिले, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात होते, आणि ही माया कोठून येते असे विचारले असता त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. म्हणजे त्यांचा विश्वास जागा झाला तो परक्या स्त्रियांच्या दुःखाला लागलेला हात पाहून. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला. पण त्यानंतरही त्रैक्यासारख्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धांतावरून त्याच भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून निकराने वाद घातला, आणि तो वाद त्यांच्या श्रद्धेचा कमीपणा नव्हे, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे.

1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली त्यांनी केडगावच्या आपल्या आश्रमात आणल्या, तेव्हा भुकेने मरणारे माणूस कसे दिसते हे त्यांना कोणी सांगावे लागले नसेल. संस्कृतप्रचुर शब्दांत अडकलेले शास्त्र अशा मुलींना कळावे, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. वयाबरोबर बहिरेपण वाढत होते. ज्या मनोरमेने पुढे आश्रम सांभाळायचा, ती जुलै 1921 मध्ये वारली. एप्रिल 1922 मध्ये रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, 1924 मध्ये, आश्रमाच्याच छापखान्यातून बाहेर पडले, जेथे खिळे जुळवण्यापासूनची कामे आश्रमातल्या बायकामुली करत. ‘विलापगीता’च्या तिसऱ्या अध्यायातली ती 66 वचनेही तेथेच एकेक अक्षर उचलून जुळवली गेली.

तो अध्याय आपण सवडीने वाचावा. मध्यावर थांबलात तरी चालेल.



आपला,
स्नेहांकित