कुंपणापलीकडचा शेजारी

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण अल्पसंतुष्ट माणसाची थट्टा करण्यासाठी वापरली जाते. परंतु ज्या कुणी ती प्रथम उच्चारली, त्याने कोल्ह्याकडे डोळसपणे पाहिले होते, यात संशय नाही. कोल्हा खरोखरच काकडी खातो. तो बोरे खातो, उंदीर व टोळ खातो आणि मेलेल्या जनावराचे मांसही खातो. मिळेल त्यावर निर्वाह करण्याच्या या गुणामुळे तो माणसाच्या वस्तीजवळ टिकून राहिला. आणि याच गुणामुळे तो माणसाच्या रोषालाही पात्र झाला.

गोदावरीच्या काठचे नांदेड आणि मांजरेच्या खोऱ्यातील लातूर ही मराठवाड्याची दोन वाढती शहरे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अगदी अल्प आहे. तेव्हा या मुलखात कोल्ह्याचे रान म्हणजे उसाचे फड, ओढ्याकाठच्या बाभळी आणि पडीक माळ. काल जेथे ज्वारीची ताटे डोलत होती, तेथे आज भूखंडांच्या हद्दीचे दगड उभे आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात आणि त्यांतील प्राण्यांचा आसरा नाहीसा होतो. मग अंधार पडल्यावर कोल्हा शहराच्या कडेच्या नव्या वसाहतीकडे वळतो. तेथे झाडाखाली पिकून पडलेले पेरू असतात, उघडा उकिरडा असतो, आणि परसात कोंबड्यांचे खुराडेही असते. माणसाला वाटते, कोल्हा आपल्या अंगणात शिरला. कोल्ह्याच्या दृष्टीने पाहिले, तर अंगणच त्याच्या वाटेत आले.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. परदेशी गोष्टींतील धूर्त प्राणी मराठीत ‘कोल्हा’ या नावानेच अवतरला. पण त्याचे खरे भाऊबंद आपल्याकडे खोकड या नावाने ओळखले जाते. खोकड अंगाने लहान, दोन-तीन किलो वजनाचे असते. त्याच्या झुबकेदार शेपटीचे टोक काळे असते. मोकळ्या माळावर अनेक तोंडांचे बीळ करून ते राहते आणि किडे, वाळवी, उंदीर यांवर पोट भरते. कोल्हा त्याहून बराच मोठा, आठ-दहा किलोंचा. सांजवेळी ऐकू येणारी कोल्हेकुई त्याचीच. दोघेही उंदरांचा फडशा पाडत असल्याने शेतकऱ्याचे न बोलावलेले मदतनीस ठरतात. शिवाय कोंबडी नाहीशी झाली म्हणजे ती कोल्ह्यानेच नेली, असेही नाही. मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्री यांचाही त्यात हात असतो. शिक्षा ठरवण्यापूर्वी गुन्हेगार कोण, हे पाहणे न्यायाला धरून आहे.

तथापि तक्रार खोटी नसते. चार कोंबड्यांच्या अंड्यांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणारी एखादी गृहिणी पहाटे उठते आणि खुराड्यापाशी तिला केवळ पिसे विखुरलेली दिसतात. तिला भूतदयेचा उपदेश करणे सोपे आहे. तिचे नुकसान भरून काढणे सोपे नाही. अशा वेळी कुणी मांसात विष कालवून ठेवण्याचा सल्ला देतो, कुणी फासकी लावतो, तर कुणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. परंतु विष कुणाचे नाव विचारून मारत नाही. ते राखणीचा कुत्रा खातो, मांजर खाते, आणि मेलेल्या प्राण्यावर उतरलेली घारही त्याला बळी पडते. विजेच्या तारेला तर चेंडू शोधत आलेले मूलही चिकटू शकते. एवढे करून एक कोल्हा मेला, तरी अन्नाचे आमिष तसेच राहिल्यामुळे त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येतो.

कायद्यानेही ही वाट बंद केली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली सुधारणा झाली, तेव्हापासून कोल्हा आणि खोकड हे दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. प्राण्याला मारणे, विष घालणे, फासात वा सापळ्यात धरणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे, या साऱ्यांना हा कायदा शिकारच म्हणतो. अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका रोगी वा जायबंदी झाला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. प्रत्यक्ष हल्ल्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार मात्र गुन्हा ठरत नाही.

मग त्या गृहिणीने काय करावे? उपाय साधे आहेत. दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या आत घ्याव्यात. खुराड्याला बारीक, मजबूत जाळी आणि घट्ट कडी असावी. जाळी हातभर जमिनीत पुरून तिचे टोक बाहेरच्या बाजूस वळवावे, म्हणजे उकरणाऱ्याला वाट मिळत नाही. पडलेली फळे रोज वेचावीत, उष्टे-खरकटे झाकलेल्या डब्यात टाकावे आणि कौतुकाने कोल्ह्याला घास टाकण्याचा मोह आवरावा. परसात बीळ आढळले आणि त्यात पिले असली, तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत थांबावे. बीळ रिकामे झाल्याची खात्री करूनच ते बुजवावे. प्राणी जखमी असेल किंवा वस्तीत अडकला असेल, तर त्याला न घेरता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

एका बाबतीत मात्र दक्षता हवी. भरदिवसा झोकांड्या देत फिरणाऱ्या किंवा माणसाच्या अंगावर येणाऱ्या कोल्ह्यापासून दूर राहावे. तो पिसाळलेला असू शकतो. २०२४ साली मुंबईत मृत कोल्ह्यांमध्ये हा रोग आढळला होता. कोल्हा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. हा रोग एकदा प्रकट झाला की बहुधा त्यावर इलाज चालत नाही.

प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे भारताच्या संविधानाने १९७६ पासून प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. दया म्हणजे आपले नुकसान निमूटपणे सोसणे नव्हे. आपले घर नीट राखावे आणि दुसऱ्याचा जीवही राखावा, एवढीच तिची मागणी आहे. खुराड्याची कडी नीट लावलेली असली, म्हणजे दूरच्या फडातून कोल्हेकुई उठली तरी त्या गृहिणीची झोप मोडण्याचे कारण उरत नाही.