घमेलेभर खडी

दिवाळी जवळ आली की घराघरांत चकलीचा सोऱ्या निघतो आणि रस्त्यावर डांबराचे पिंप. पावसाने चार महिने केलेले प्रताप पाहुणे येण्यापूर्वी झाकायचे असतात ना! त्या वासाने लोक नाकाला रुमाल लावतात. मला मात्र आमचे आबा आठवतात.

आबा बांधकाम खात्यात रस्त्यावर मुकादम होते. गोष्ट 1960च्या आसपासची. त्यांच्या हाताखाली मैलकुली असत. आजच्या मुलांना हा शब्दही ठाऊक नसेल. रस्त्याचा थोड्या मैलांचा तुकडा एकेका माणसाच्या स्वाधीन केलेला असे. घमेले, फावडे, कुदळ आणि धुमस एवढा त्याचा संसार. गटार तुंबले की मोकळे करायचे, साइडपट्टी खचली की मुरूम टाकायचा, आणि बोटभर खळगा दिसला की तो वीतभर व्हायच्या आत बुजवायचा. या माणसाने कधी रस्ता बांधला नाही आणि त्याच्या हस्ते कशाचे उद्घाटनही झाले नाही. पण रस्ता जगायचा तो त्याच्या जिवावर.

आम्ही साताऱ्याचे. आमचे गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर पसरलेले. पाऊस कोसळू लागला की किल्ल्याच्या अंगाने निघालेले पाणी आधी वरच्या रस्त्यावर येते आणि तिथून बोळाबोळांतून खालच्या रस्त्याकडे धावते. अशा पावसात आबा छत्री घेऊन बाहेर पडत आणि मलाही ओढून नेत. आई ओरडायची, ‘‘पोराला पडसं होईल!’’ आबा म्हणत, ‘‘रस्ता बघायचा तर पावसात बघावा. उन्हात सगळेच रस्ते शहाणे असतात.’’

पाणी कुठून येते, कुठे थबकते आणि कुठे आत मुरते, ते आबा बोट दाखवून सांगत. रस्ता कासवाच्या पाठीसारखा हवा, मध्ये उंच आणि कडांना उतरता. उन्हाने डांबर जून झाले की त्याला बारीक चिरा पडतात. चिरेतून पाणी खाली उतरते, खालची माती मऊ होते, वरून चाक गेले की ती दबते आणि खड्डा जन्माला येतो. ‘‘वाहनं रस्ता मोडत नाहीत रे,’’ ते म्हणत, ‘‘पाणी मोडतं. वाहनं फक्त शेवटचा धक्का देतात.’’

जॉन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत हेच सांगितले होते. भार पेलते ती खालची माती, तिला कोरडे ठेवा, वरची खडी म्हणजे तिचे छप्पर. हे मी पुढे वाचले. आबांनी त्याचे नावही ऐकले नव्हते.

एवढे बाळकडू मिळालेला मी पुढे काय दिवे लावले, तेच आज सांगायचे आहे.

1978 साली बँकेच्या नोकरीने मी सांगलीला आलो. सांगलीची तऱ्हा साताऱ्याच्या अगदी उलट. जमीन सपाट, त्यामुळे पाण्याला जायची घाई नाही; आणि माती काळी. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावरचा रस्ता म्हणजे झोपेत कूस बदलणाऱ्याच्या पोटावर ठेवलेली पाटी. 1984च्या उन्हाळ्यात मी छोटे घर बांधले. नळ घ्यायचा म्हणून रस्ता आडवा कापून चर खणावा लागला. नळवाल्याने चर नीट बुजवून देण्याचे चाळीस रुपये वेगळे मागितले. मी हिशेबी माणूस. म्हटले, माती ओढायला चाळीस रुपये कशाला? फावडे घेऊन मीच माती लोटली, पायाने दाबली आणि चाळीस रुपये वाचवल्याच्या आनंदात चहा घेतला.

पहिल्या मोठ्या पावसात ती माती बसली. वर गढूळ पाणी साचले, म्हणून खालचा चर कुणाला दिसेना. एका पहाटे आमचे दूधवाले मामा सायकलसह त्यात आडवे झाले. मनगट मोडले. मी धावत गेलो, तर ते कण्हत म्हणाले, ‘‘पान्यानं घात केला बघा, सायेब.’’ मी ‘हो ना’ म्हणालो. दवाखान्याचे पैसे दिले, ते सुद्धा उपकार केल्यासारखे.

गणपतीला आबा आले. पिशवी खाली ठेवण्यापूर्वीच त्यांनी विचारले, ‘‘हे कुणी बुजवलं?’’ मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पासष्टी उलटलेला तो माणूस धोतर खोचून कुदळ घेऊन उतरला. चिखल उपसला, कडा सरळ उभ्या कापल्या, वीतभरापेक्षा जाड थर न घालता मुरूम आणि खडी भरली, प्रत्येक थर शिंपडून धुमसाने ठोकला. मी घमेली वाहिली. हाताला पट्टी बांधलेले मामा शेजारी उभे राहून पाहत होते. मला राहवेना. म्हणालो, ‘‘मामा, हा चर माझा होता.’’

ते हसले. ‘‘त्ये पयल्याच दिशी कळलं हुतं, सायेब.’’

मामांचा मुलगा दीड महिना शाळा बुडवून दूध घालत होता. वाचलेल्या चाळीस रुपयांसमोर ही रक्कम कशी मांडायची, ते बँकेने मला कधी शिकवले नाही.

रस्त्याचा हिशेब असाच फसवा असतो. काटकसर वाटते ती उधारी असते. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून भरलेले ट्रक फिरवून पाहिले. आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा त्यातून आडाखा निघाला. आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या भरताना हा आकडा कुणाला आठवतो? ऑगस्ट 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली आणि रस्ते कित्येक दिवस पाण्याखाली राहिले. असा भिजलेला रस्ता वरून धडधाकट दिसला, तरी आतून आजाऱ्यासारखा असतो. तो वाळेपर्यंत जड वाहन थांबवणे, हे नव्या डांबरापेक्षा किती स्वस्त औषध! पण तहान लागल्यावर विहीर खणण्यात आपला हात कोण धरणार?

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला परतलो. आबा केव्हाच गेले. त्यांचे घमेले मात्र आहे. मृग लागण्यापूर्वी मी आणि शेजारचे दोघे जण आमच्या बोळाच्या गटारांची तोंडे मोकळी करतो. पहिला पाऊस आला की मी छत्री घेऊन पाणी बघायला निघतो. नातू बरोबर येतो. सूनबाई आतून ओरडते, ‘‘पोराला सर्दी होईल!’’