न्याय्य युद्ध : परवाना नव्हे, लगाम

युद्धाची बातमी आली की चर्चेला उधाण येते. मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, जो तो सेनापती होतो. कोण जिंकणार, यावर तासन् तास वाद रंगतो. लढणे योग्य आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. निघालाच, तर कुणीतरी चटकन म्हणतो, "फादर, न्याय्य युद्ध आपल्या ख्रिस्तसभेलाही मान्य आहे ना?"

मान्य आहे, हे खरे. पण कोणत्या अर्थाने, हे समजून घेतले पाहिजे.

शत्रूवर प्रीती करा, असे सांगणाऱ्या प्रभूचे अनुयायी शस्त्र कसे उचलू शकतात? पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन साम्राज्य कोसळत असताना संत ऑगस्टीन यांना हा पेच सोडवावा लागला. स्वतःवरील आघात सोसणे हा सद्गुण आहे. परंतु निरपराध शेजाऱ्यावर आघात होत असताना राज्यकर्त्याने हात बांधून बसणे हा सद्गुण नव्हे, अशी ही विचारधारा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तिला तीन अटी घातल्या : युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत असावी, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. पुढे १५३९ साली, स्पेनचे सैनिक अमेरिका खंड लुटत असताना, सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी आपल्याच राजाच्या प्रजेला बजावले की धर्म वेगळा आहे, साम्राज्य वाढवायचे आहे किंवा राजाला कीर्ती हवी आहे, यांपैकी काहीही युद्धाचे न्याय्य कारण होऊ शकत नाही. युद्ध अन्याय्य असल्याची ज्याची खात्री झाली आहे, त्या प्रजाजनाने राजाज्ञा असली तरी लढू नये, असेही त्यांनी शिकवले.

आम्ही सेमिनरीत असताना, १९९२ साली, कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात या परंपरेचे सार आले आहे. आक्रमकाने केलेली हानी टिकाऊ, गंभीर व निश्चित असली पाहिजे. इतर सर्व उपाय निष्फळ ठरलेले असले पाहिजेत. यशाची वाजवी आशा असली पाहिजे. आणि युद्धामुळे उद्भवणारे अरिष्ट मूळ अरिष्टाहून मोठे असता कामा नये. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आम्ही त्या झरझर लिहिल्या. त्यांचे खरे वजन कळले ते २००३ साली.

इराककडे सर्वसंहारक अस्त्रे आहेत, असे सांगून अमेरिका युद्धाची तयारी करीत होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ जानेवारी २००३ रोजी विविध देशांच्या राजदूतांपुढे युद्धाला स्पष्ट नकार दिला. मार्चच्या आरंभी त्यांनी कार्डिनल पिओ लाघी यांना पत्र देऊन राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे धाडले. उपयोग झाला नाही. २० मार्च रोजी बगदादवर बॉम्ब पडू लागले. पुढे अमेरिकेच्याच तपासपथकाने २००४ साली जाहीर केले की त्या अस्त्रांचे साठे इराकमध्ये नव्हतेच. म्हणजे हानी 'निश्चित' असावी ही पहिलीच अट कोसळली. चौथी अट कशी कोसळली, हे इराकमधील आपल्या बांधवांना विचारावे. मोसुलचे आर्चबिशप पावलोस फराज राहो यांचे २००८ साली अपहरण झाले व नंतर त्यांचा मृतदेह सापडला. २०१० साली बगदादच्या एका चर्चमध्ये मिस्सा चालू असताना पन्नासहून अधिक जणांचे प्राण घेतले गेले. २०१४ साली मोसुलमधून ख्रिस्ती कुटुंबांना घालवून देण्यात आले. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०२१ मध्ये मोसुलच्या भग्न चर्चच्या चौकात उभे राहून प्रार्थना केली, तेव्हा जॉन पॉल यांचा इशारा आम्हांला पुन्हा आठवला.

मग प्रत्येक युद्ध निषिद्धच काय? तसेही म्हणता येत नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात २५ मार्चच्या रात्री लष्कराने आपल्याच नागरिकांची कत्तल आरंभली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. इंदिरा गांधी जगाच्या राजधान्यांत दाद मागत हिंडल्या. ३ डिसेंबर रोजी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, तेव्हा उघड युद्ध पेटले, आणि १६ डिसेंबर रोजी ढाक्यात शरणागती झाली. भारताचे राजकीय हित त्यात नव्हते, असे कुणी म्हणणार नाही. पण हानी डोळ्यांसमोर होती आणि अन्य मार्ग चोखाळून झाले होते. तरीही त्या विजयात किती घरांतले दिवे विझले, याचा विसर पडू नये.

लष्करात असलेल्या एका तरुणाच्या मातेने एकदा आम्हांला विचारले, "फादर, माझा मुलगा करतो ते पाप आहे का?" आम्ही तिला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण सांगितली : देशाच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे सेवा करणारा सैनिक हा लोकांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक आहे. मात्र निरपराधांना मारण्याचा हुकूम कुणाही वरिष्ठाने दिला, तरी तो त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला बांधून ठेवू शकत नाही. ती माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे त्याला पत्रात लिहीन."

आमच्या मते न्याय्य युद्धाचा विचार तिला जितका कळला, तितका चर्चेत मोठ्याने बोलणाऱ्यांना कळलेला नसतो. हा विचार घोड्याला टाच मारण्यासाठी नाही, लगाम खेचण्यासाठी आहे. आजच्या शस्त्रांची संहारक शक्ती पाहता जुने निकष लावून युद्धाचे समर्थन करणे फार कठीण झाले आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली लिहिले, ते याच अर्थाने.

युद्धाचा निर्णय आपल्या हाती नसतो. सरकारे तो घेतात. पण त्या निर्णयाला टाळ्या वाजवायच्या की प्रश्न विचारायचे, हे आपल्या हाती असते. म्हणून पुढच्या वेळी घरात युद्धाचा विषय निघेल, तेव्हा मुलाबाळांसमोर त्या चार अटींची उजळणी करावी. आणि रात्री रोझरीचा एक दशक त्या अनोळखी मातांसाठी म्हणावा, ज्यांची मुले दोन्ही बाजूंना उभी आहेत.