कुला

या हकिकतीतला शिक्षक मीच. पण ‘मी’ म्हणून लिहायला बसलं की स्वतःची बाजू घ्यायचा मोह होतो, म्हणून त्याला ‘गुरुजी’ म्हणतो.

गुरुजी दर्यापूरकडचे, काळ्या मातीच्या सपाट मुलखातले. डी.एड. झालं आणि १९९७ साली नेमणूक आली ती मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर. तेव्हा पेपरात मेळघाट यायचा तो कुपोषणाच्या बातमीत, आणि शिक्षकांच्या बोलण्यात यायचा तो शिक्षा म्हणून. पहिल्या मे महिन्यात गुरुजींनी बदलीचा अर्ज टाकला. दुसऱ्या मे महिन्यातही टाकला. पेटीतले निम्मे कपडे त्यांनी बाहेर काढलेच नव्हते.

पहिलीच्या वर्गात चित्रांचा तक्ता होता. एका सकाळी वाघाच्या चित्रावर पट्टी ठेवून त्यांनी विचारलं, “हे काय?” एरवी तोंड न उघडणारा एक पोरगा ताडकन उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “कुला!”

वऱ्हाडात या शब्दाचा अर्थ काय, ते सांगायला नको. गुरुजींचा हात उठला आणि पोराच्या गालावर बोटं उमटली.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला हवी होती. वर्गात कुणीही हसलं नव्हतं. दर्यापूरच्या शाळेत हा शब्द पडला असता तर पोरं हसून हसून लोळली असती. इथे वीस-पंचवीस पोरं नुसती पाहत राहिली. बरोबर उत्तराला मार का मिळतो, हे त्यांना कळेना.

पोरगा नऊ दिवस शाळेत आला नाही. गुरुजींना काळजी वाटली ती पटसंख्येची. पोराची वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते त्याच्या वस्तीवर गेले. शिवेवर एका झाडाखाली शेंदूर फासलेली वाघाची मूर्ती होती, पुढे नारळाच्या करवंट्या पडलेल्या. पोराची आजी तिथेच भेटली. हे काय म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, “कुलामामा. कुला माने बाघ, गुरुजी.”

१९७३ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. पोरगा त्याच जंगलाच्या काठावर वाढलेला. गुरुजींनी वाघ पाहिला होता तो तक्त्यावर.

आजीनं माराचा अर्थ आपल्या परीनं लावून टाकला होता. पोरानं वाघाचं नाव एवढ्या मोठ्यानं घेतलं, म्हणून गुरुजी रागावले असतील. गुरुजींनी मान हलवली. थप्पड निदान न कळून बसली होती. ही मान पुरतं कळून हलली. मला आजही जास्त खुपते ती हीच.

त्या रात्री शंभर पानी वहीत पहिला शब्द लिहिला गेला. मग रोज दोन-चार. पाण्याला डा, कुत्र्याला सिटा, नदीला गाडा. हा ‘गाडा’ पाहून गुरुजी उठले आणि जुन्या पाट्या-वह्या आठवू लागले. सिपना नदी दाखवत कितीतरी पोरांनी ‘गाडा’ म्हटलं होतं, आणि नदी नि बैलगाडी यांतला फरक कळत नाही म्हणून त्यांनी त्या पोरांना ‘ढ’ ठरवलं होतं.

या पोरांची भाषा कोरकू. ती मराठीची बोली नव्हेच. मुंडा शाखेतली. तिच्या बहिणी संताळी आणि मुंडारी दूर झारखंड-ओडिशाकडे. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांवर होते, त्यांतले बरेच मध्य प्रदेशात. तिच्यात संस्कृतासारखं द्विवचन आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा आपल्याला अभिमानाचा वाटणारा भेदही आहे. लिंगाची विभागणी मात्र मुळात सजीव-निर्जीव अशी. त्यामुळे पोरं ‘माझा आई’ म्हणत, आणि गुरुजी त्यावर लाल रेघ ओढत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असं संविधानाचा अनुच्छेद ३५० क १९५६ पासून सांगतो. डी.एड.च्या परीक्षेत गुरुजींनी त्यावर टीप लिहिली होती, गुणही चांगले मिळाले होते.

पुढच्या मे महिन्यात बदलीचा अर्ज राहून गेला. ठरवून नव्हे, त्या आठवड्यात ते झाडांची नावं लिहून घेत हिंडत होते. जूनमध्ये कुणीतरी आठवण करून दिली, तेव्हा पेटी पूर्ण रिकामी करून भिंतीला लावली. आपल्याला शिकवण्यापेक्षा शिकायला जास्त आवडतं, हे त्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं, आणि ते कळल्यावर शिकवणंही जरा बरं जमू लागलं.

त्या पोराला खरं सांगायला मात्र चौथीचं वर्ष उजाडावं लागलं. ‘कुला’ म्हणजे मराठीत काय, हे गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं आणि त्या थपडेची माफी मागितली. पोरगा क्षणभर गप्प राहिला, मग पोट धरून खाली बसला. तो दिवस वर्ग काही हाती आला नाही. दोन दिवस शाळेच्या आवारात हाच एक शब्द घुमत होता, कधी मराठी अर्थानं, कधी कोरकू. पाहुणे म्हणून आलेल्या केंद्रप्रमुखांना काय सांगावं, हा प्रश्नच होता.

चौथीनंतर तो शाळेत राहिला नाही. घरच्यांबरोबर कामाला बाहेरगावी गेला.

आता माझी चौथी वही चालू आहे. पहिल्या वहीत, पहिल्याच ओळीत ‘कुला’ या शब्दापुढे अर्थाची जागा मी तीन वर्षं कोरी ठेवली होती. हसणं थांबल्यावर तिथे त्यानं स्वतःच्या हातानं पेन्सिलीनं लिहिलं : ‘वघ’. काना राहून गेला आहे. मी तो दिलेला नाही.